हैदराबादचं वंडरला आणि बेंगलोरचं वंडरला: उदगीरच्या एका घराचा अनुभव

वंडरला म्हणजे राइड्स आणि पाण्यातल्या खेळांचं मोठं पार्क. आमचं दोन्हीकडचं बघून झालंय. मे 2023 ला हैदराबादचं आणि मे 2025 ला बेंगलोरचं. त्यामुळं हल्ली उन्हाळा जवळ आला की ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारतं, लेकरांना कुठं न्यावं, दोन्ही सारखंच आहे का, म्हाताऱ्या माणसाला जमतं का, आणि दरवेळी मी अर्धा-अर्धा तास बोलत बसते. म्हणलं एकदाच सविस्तर लिहून काढावं. लांबलंय जरा, पण लेकरं आणि वयस्कर माणूस सोबत घेऊन जाणाऱ्यांनी पूर्ण वाचावं, त्यांच्याच कामाचं आहे.

आधी घरचे कोण कोण ते सांगते. मी, आमचे हे, मुलगी सई, मुलगा ओम आणि आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. हैदराबादच्या वेळी सई दहाची, ओम पाचचा. आत्याबाई आता चौसष्टच्या आहेत, गुडघे दुखतात पण घरात बसून राहायचं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांचं माहेर भालकी तालुक्यातलं, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर पण कर्नाटकात, त्यांचं लहानपण सगळं कन्नडमधेच गेलं. हे आत्ता सांगायचं कारण पुढं कळेल.

वंडरला ही कंपनी मूळची केरळची. व्ही-गार्ड स्टॅबिलायझरवाले कोचौसेफ चिट्टिलापिल्ली ह्यांनी 2000 साली कोचीला पहिलं पार्क काढलं, तेव्हा त्याचं नाव वीगालँड होतं. मग 2005 ला बेंगलोर आणि एप्रिल 2016 ला हैदराबाद, आता 2024 ला भुवनेश्वरला पण झालंय. म्हणजे बेंगलोरचं वयानं मोठं आणि आकारानं पण मोठं, 82 एकर, हैदराबादचं साधारण 50. हा आकड्यांतला फरक तिथं चालताना पायाला कळतो.

आम्ही उदगीर-देगलूरकडची माणसं, आम्हाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं. दवाखाना हैदराबादला, लग्नाची खरेदी हैदराबादला, जुनी माणसं तर अजून तिथलं कौतुक सांगतात कारण 1956 पर्यंत आपण, बीदर आणि हैदराबाद एकाच राज्यात होतो. उदगीरहून निघालं की थोड्याच वेळात कर्नाटक लागतं, भालकी, बीदर करत जहीराबादला तेलंगणा. एका सकाळीत तीन राज्यं. त्यामुळं ह्यांनी ठरवलं की मुक्काम कशाला, पहाटे निघू, दिवसभर पार्क करू, रात्री घरी. मला पण ते पटलं होतं, मुक्कामाचा खर्च वाचतोय म्हणून.

तर पहिली चूक तीच. पहाटे चारला निघायचं ठरलं आणि निघालो साडेपाचला, कारण धपाटे. आत्याबाईंनी तीनला उठून धपाटे केले, दही बांधलं, शेंगदाण्याची चटणी, लेकरांना गुळपोळ्या, मोठा डबा भरला. मग जहीराबादला चहा, संगारेड्डीच्या पुढं ओमला उलटी झाली, तिथं थांबलो. पाटणचेरूला आउटर रिंग रोडला लागलो तेव्हा मला वाटलं आलोच, पण पार्क शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, रिंग रोडच्या 13 नंबरच्या एक्झिटला, रावीर्यालजवळ, म्हणजे अर्ध्या हैदराबादला बाहेरून वळसा, विमानतळाच्या पण पुढं. रस्ता एकदम मस्त आठ पदरी आहे त्यामुळं त्रास काही नाही, फक्त आपल्या मनात जे अंतर असतं त्यात हा वळसा धरलेला नसतो. पार्किंगला पोचायला पावणेबारा वाजले. आणि बाहेरचं खाणं आत चालत नाही हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं, म्हणून मग गाडीतच दारं उघडी ठेवून, डिकीच्या सावलीला बसून सगळ्यांनी धपाटे खाल्ले. तो नियम त्यांच्या साइटवर लिहिलेला असतो, आम्ही वाचला नव्हता. आत जाईस्तोवर साडेबारा.

वार रविवार, मे महिना, शाळांना सुट्ट्या. सगळ्या गावाला त्या दिवशी तेच सुचलं होतं, गर्दी असणारच. रांगेत उभं राहायचा वेळ राइडच्या कितीतरी पट. फास्टट्रॅक म्हणून एक महाग तिकीट मिळतं त्यात वेगळी छोटी रांग असते, पण पाच माणसांचा हिशोब केला आणि गप बसलो.

आता सईचं. ही पोरगी दोन महिने यूट्यूबवर रिकॉइलचे व्हिडिओ बघत होती. रिकॉइल म्हणजे तिथला मोठा रोलर कोस्टर, त्याची गंमत अशी की गाडी पुढं जायच्या आधी उलटी मागं ओढत एका उंच मनोऱ्यावर नेतात, तिथून सोडून देतात, मग ती स्टेशनातून सुसाट निघते, तीनदा माणसाला डोक्यावर उलटं करते, समोरच्या दुसऱ्या मनोऱ्यावर चढते, आणि तिथून परत त्याच रुळावरून मागच्या मागं, म्हणजे तेच सगळं उलट्या दिशेनं. एका फेरीत सहा वेळा उलटं. सईला हे सगळं तोंडपाठ. आणि गेटवर पट्टीला लावून बघितलं तर ती 136 सेंटीमीटर. मोठ्या राइड्सना 140 लागतात. तिकिटाच्या वेळीच खरं तर आम्हाला उमगायला पाहिजे होतं, कारण 140 च्या खालच्यांचं तिकीट लहान मुलांचं असतं, वयावर नाही उंचीवर असतं ते, आणि आम्ही तिचं लहानाचं तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून खूश होतो. त्या तिकिटाचा अर्थ हाच की मोठ्या राइड्स नाहीत, हे डोक्यात आलंच नाही.

तिथला पोरगा लै चांगलं बोलला तिच्याशी. म्हणाला, बेटा अगले साल आओ, ये सीट तुमसे बडी है. आणि खरंच आहे, खांद्यावरून जो लोखंडी हार्नेस खाली येतो तो ठरावीक उंचीच्या अंगासाठी केलेला असतो, लहान अंग त्यात नीट बसत नाही, उलटं झाल्यावर घसरू शकतं. चार सेंटीमीटरनं काय होतंय असं म्हणून तिथं हुज्जत घालणारे आई-बाप मी बघितले, कृपा करून असं करू नका. पण सईला त्या क्षणी हे सांगून काय उपयोग. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. रिकॉइलच्या खाली कठड्याला धरून उभी राहिली आणि गाडी जायलीय, यायलीय, तेवढं बघत राहिली, मी मोजल्या तर अकरा फेऱ्या बघितल्या तिनं. चल म्हणलं तर म्हणायची अजून एक.

ओमचं मात्र उलट, त्याच्या वयाच्या राइड्स त्याला भरपूर मिळाल्या आणि तो दिवसभर नुसता हसत होता. पाच-सहा वर्षांच्या लेकराला हैदराबादचं पार्क मस्त आहे, सगळं जवळ जवळ आहे, फार चालायला लागत नाही. आणि मिशन इंटरस्टेलर म्हणून एक आहे ते आम्हाला बरंच भावलं, मोठ्या गोल पडद्यासमोर खुर्च्या पुढं सरकतात, पाय खाली लोंबकळतात आणि खरंच अवकाशात उडाल्यासारखं वाटतं. सईचा मूड थोडा तरी आला तो तिथं.

आत्याबाईंचं काय झालं तर काहीच झालं नाही. एका झाडाखालच्या बाकावर बसल्या, आमच्या पिशव्या, मोबाइल, चपला, टॉवेल सगळं सांभाळत, संध्याकाळपर्यंत. लॉकर मिळतात भाड्यानं, पण आम्ही म्हणलं आत्याबाई बसणारच आहेत तर कशाला घ्या. आता हे लिहिताना मला वाईट वाटतंय. बेचाळीसच्या उन्हात पाच-सहा तास. साडीवर पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचे वगैरे पोहायचे कपडे लागतात, सुती कपडे पण चालत नाहीत, आम्ही चौघांनी तिथं जाऊन ते विकत घेतले आणि त्यांना विचारलं सुद्धा नाही. त्यांनीच आधी सांगून टाकलं होतं, मी कुठं पाण्यात येऊ. आणि आम्हाला ते सोयीचं होतं म्हणून आम्ही लगेच मान्य केलं.

फक्त एकदा उठून वेव्ह पूलच्या काठाला आल्या होत्या. लाटा सुरू व्हायच्या आधी भोंगा वाजतो, सगळी गर्दी ओरडते, आणि त्या माणसांकडं न बघता पाण्याकडं बघत होत्या. मला विचारलं, हे सगळं पाणी रोज सोडून देतेत का गं? तिथं उभ्या असलेल्या लाइफगार्डला ह्यांनी विचारलं, तो हैदराबादी हिंदीत म्हणाला, नक्को अम्मा, वहीच पानी फिरता. म्हणजे अशा पूलचं पाणी पंपानं ओढून वाळूच्या फिल्टरमधून गाळून, क्लोरिन टाकून परत पूलमधेच येतं, उन्हानं उडून, माणसांच्या अंगाबरोबर बाहेर जाऊन वगैरे जे कमी होतं ते नवीन घालावं लागतं. आत्याबाई हूं म्हणाल्या. पण मला माहीत होतं त्यांच्या डोक्यात काय चाललंय, कारण माझ्या पण डोक्यात तेच. हे पार्क सुरू झालं एप्रिल 2016 ला, आणि त्याच एप्रिलमधे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणायला लागलं होतं. माझं माहेर लातूर शहरातलं. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करू नये म्हणून जमावबंदीचं 144 कलम लावलं होतं, आणि माझी आई रात्री दोनला उठून घागरींचा नंबर धरायची. सई तेव्हा तीनची, मी तिला एका तांब्यात आंघोळ घातलेली आहे. ते सगळं त्या लाटांसमोर उभं राहून आठवलं. मजा कमी झाली असं नाही, पण ओम पाण्याच्या धारेखाली उगीच उभा राहिला की मी ओरडायचे त्याला, बंद कर म्हणून, आणि तिथं बंद करायला नळच नव्हता.

परत निघालो सातला, घरी पोचलो रात्री एकच्या पुढं. आमचे हे दिवसभर उन्हात आणि मग पाच-सहा तास ड्रायव्हिंग, बीदरच्या पुढं त्यांचे डोळे मिटायला लागले म्हणून एका धाब्यावर तासभर गाडी लावून झोपलो सगळे. हे तर सगळ्यात चुकीचं केलं आम्ही. एका दिवसात उदगीर ते उदगीर करू नका. खर्च वाचत नाही, जीव धोक्यात जातो.

बेंगलोरचं ठरलं ते माझ्या दिरांमुळं. भाऊजी तिथं नोकरीला आहेत, केंगेरीला राहतात, म्हणजे म्हैसूर रोडवर, आणि वंडरला त्याच रोडनं पुढं बिडदीच्या अलीकडं, त्यांच्या घरून अर्धा तास. जाऊबाईंनी फोन केला की दोन वर्षं झाली कुणी आलं नाही, लेकरांना घेऊन या. आम्ही नांदेड-बेंगलोर गाडीनं गेलो, ती परभणी, परळी, उदगीर, बीदर अशी येते त्यामुळं आपल्याला घरून थेट आहे, रात्र गाडीत जाते. स्लीपरमधे पाच जागा दोन महिने आधी काढल्या होत्या. दोन दिवस आराम करून तिसऱ्या दिवशी पार्क ठेवलं, बुधवारचं, मुद्दाम.

ह्यावेळी मी सगळी तयारी आधी केली. साइटवर नियम वाचले, तिकिटं ऑनलाइन घेतली, आत्याबाईंचं सीनियर सिटिझनचं कमी दराचं. सईची उंची घरी भिंतीला लावून तीनदा मोजली, 147. तिचं तिकीट अडल्टचं काढलं तर ते पैसे जास्त गेल्याचा आनंद त्या पोरीला एवढा, की तिनं त्या तिकिटाचा स्क्रीनशॉट वर्गातल्या मैत्रिणीला पाठवला. आणि जाऊबाईंनी न विचारता एक काम केलं, आत्याबाईंसाठी नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा गुडघ्याच्या खाली येणारा कुर्ता आणि लेगिंग आणून ठेवली. आत्याबाई नाही म्हणाल्या. जाऊबाई म्हणाल्या, बरं, पिशवीत असू द्या.

सकाळी आधी थोडं पुढं बिडदीला जाऊन तट्टे इडली खाल्ली. बिडदीची ती प्रसिद्ध आहे, ताटलीएवढी मोठी, चपटी, मऊ, वर लोण्याचा गोळा. भाऊजी आम्हाला सांगायला लागले की हिला तट्टे का म्हणतात, तर आत्याबाई मधेच म्हणाल्या, तट्टे म्हणजे ताट, त्यात काय. आणि मग त्या हॉटेलवाल्याशी कन्नडमधे बोलायला लागल्या. त्यांचं कन्नड बीदरकडचं. तिकडं या म्हणायला बर्री म्हणतात, इकडं बन्नि. तो हॉटेलवाला हसला आणि विचारलं, अम्मा तुम्ही वरच्या भागातल्या का, कलबुर्गी-बीदर? त्यानंतर त्यानं त्यांना चटणी स्वतः आणून वाढली. मला लग्न होऊन चौदा वर्षं झाली, मी त्यांना एवढं सलग कन्नड बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. घरी कुणाशी बोलतील, भालकीहून कुणी आलं तरच.

पार्कात गेल्या गेल्या फरक जाणवतो तो झाडांचा. वीस वर्षं झालीत त्या पार्काला, झाडं मोठी झालीत, सावलीतून सावलीत जाता येतं. आणि हवा. बेंगलोर समुद्रसपाटीपासून 900 मीटर उंचीवर, मे संपत आलेला, ढग होते, अंगाला चटका नाही. हैदराबादच्या दिवसाशी ही तुलना तशी न्याय्य नाही, कारण तिथं आम्ही भर उन्हाचा रविवार निवडला होता आणि इथं ढगाळ बुधवार, हे मी मुद्दाम लिहितेय. हैदराबादला डिसेंबर-जानेवारीत गेलेले आमचे शेजारी तिथलं फार कौतुक करतात. मात्र चालणं इथं जास्त आहे. दुपारपर्यंत आत्याबाईंचे गुडघे बोलायला लागले होते, थांबत थांबत जावं लागतं.

रिकॉइल इथं पण आहे, तोच, तसाच दोन मनोऱ्यांचा. ह्यांना बीपी आहे त्यामुळं बाहेर बोर्डावर लिहिलेलं वाचून ते थांबले, बरोबरच केलं. मग सईबरोबर कोण? मी. मला उंचीची भीती वाटते, आमच्या गच्चीच्या कठड्याला पण मी टेकत नाही, पण त्या अकरा फेऱ्या माझ्या डोळ्यासमोर होत्या. पट्टीपाशी सई उभी राहिली, त्या पोरानं बघितलं आणि हातानं आत जा म्हणून खूण केली, एवढंच. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं ते मी काही विसरत नाही. गाडी मागं ओढायला लागते तेव्हा आपलं तोंड खाली जमिनीकडं होत जातं, सगळं वजन हार्नेसवर येतं, खाली स्टेशन, माणसं, बारीक बारीक होत जातात, आणि वर गेल्यावर एक क्षण गाडी नुसती थांबते. तेवढ्यात सई म्हणाली, आई, आता सोडतेत बघ. तिला माहीत होतं ना सगळं. त्यानंतर मला काही कळलं नाही, पुढं गेल्याचं थोडं आठवतंय, मागं येतानाचं तर अजिबात नाही, कारण मागं येताना काय येतंय हे दिसत नाही म्हणून ते जास्त अवघड. खाली उतरले तर पाय लटलट कापत होते आणि सई म्हणाली, परत जाऊ? बुधवार असल्यानं रांग वीस मिनिटांची. परत गेलो. तिसऱ्यांदा ती एकटी गेली, आणि मी खाली कठड्याला धरून उभी.

दुपारून पाण्याच्या राइड्स. ह्या ठरावीक वेळेतच चालू असतात दोन्हीकडं, त्यामुळं आत शिरल्यावर पहिल्यांदा वेळा बघून घ्याव्यात आणि सकाळी कोरड्या राइड्स उरकाव्यात, आम्ही हैदराबादला उलटं केलं होतं, ओल्या अंगानं कोरड्या राइडच्या रांगेत उभं राहून ओमला शिंका लागल्या होत्या. लॉकर घेतला ह्यावेळी. सगळं सामान आत. म्हणजे आत्याबाईंना सांभाळायला काहीच नाही उरलं. त्या म्हणाल्या मग मी काय करू. जाऊबाईंनी पिशवीतून तो कुर्ता काढला.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं साडीशिवाय दुसरं काही नेसलेलं नाही त्या बाईनं. बदलायच्या खोलीतून बाहेर यायला वेळ लागला, मी दाराशी उभी होते, आत येऊ का विचारलं तर नको म्हणाल्या. बाहेर आल्या तर दोन्ही हात छातीपाशी धरलेले, इकडं तिकडं बघत. पण तिथं कोण कुणाकडं बघतंय, सगळ्या वयाच्या बायका त्याच कपड्यांत. आणि पाण्यात पाय टाकला तर पाणी कोमट. तिथं सोलर लावून पूलचं पाणी गरम करतात असं भाऊजींनी सांगितलं. त्यांच्या गुडघ्यांना ते इतकं बरं वाटलं की म्हणाल्या, अगं हे तर शेकल्यासारखं आहे.

लेझी रिव्हर म्हणून एक असतं, ट्यूबवर बसायचं आणि पाणी आपलं आपण हळूहळू गोल नेतं, काही भीती नाही. तिथं त्यांना विजापूरकडच्या दोन बायका भेटल्या, एक त्यांच्याच वयाची. मी पुढच्या ट्यूबवर होते, मागं आत्याबाईंचं कन्नड चालू, हेंगदीरी म्हणजे कशा आहात, मुलं किती, पाऊस झाला का तुमच्याकडं, सगळं. तीन फेऱ्या झाल्या तरी उठेनात. वेव्ह पूलला पण आल्या, काठाला कमरेइतक्या पाण्यात, ओमचा हात धरून, आणि लाट आली की ओमपेक्षा त्याच जास्त ओरडायच्या. पाण्याचं त्यांनी ह्यावेळी काही विचारलं नाही. फक्त बाहेर निघताना ओंजळीत पाणी घेतलं आणि परत पूलमधेच सोडलं, आम्ही नदीत करतो तसं.

चारच्या सुमारास आभाळ आलं, विजा चमकायला लागल्या, तशा उंच राइड्स आणि पूल थांबवले, सगळ्यांना बाहेर काढलं. अशा हवेत हे करावंच लागतं, दोन्ही पार्कांत आणि कुठल्याही पार्कात. पाऊण तास आडोशाला मक्याची कणसं खात बसलो. पाऊस उघडल्यावर थोडं काही चालू झालं, पण स्काय व्हील म्हणून मनोऱ्यावर बसवलेला मोठा पाळणा आहे तो आमचा राहिला. मे-जूनमधे जाणार असाल तर महत्त्वाच्या राइड्स दुपारच्या आत करून घ्या, संध्याकाळवर काही ठेवू नका.

आता विचारणाऱ्यांना मी काय सांगते ते सांगते. लेकरं 140 च्या खाली असतील तर बेंगलोरपर्यंत जायची घाई नका करू, हैदराबाद भरपूर झालं, पण मुक्काम करून, थंडीत, आणि रविवार टाळून. लेकरू आडनिड्या उंचीचं असेल, 135 ते 139, तर थोडं थांबा, सहा महिने-वर्षानं जा, त्या कठड्याला उभं राहायची वेळ त्याच्यावर आणू नका. 140 झालं की दोन्हीपैकी कुठंही न्या, मोठं बघायचं असेल आणि तिकडं राहायला कुणी असेल तर बेंगलोर. घरी म्हातारं माणूस असेल तर त्याच्या मापाचे नायलॉनचे कपडे घरूनच घेऊन चला आणि लॉकरचे पैसे वाचवू नका. फास्टट्रॅक आठवड्याच्या मधल्या वारी लागत नाही. कानातलं, गळ्यातलं सगळं घरी काढून ठेवा, वेव्ह पूलमधे एका बाईचं कानातलं पडलं होतं, ती बिचारी शेवटपर्यंत शोधत होती. धपाटे न्या, पण गाडीत खायला.

येताना गाडीत आत्याबाईंनी तो कुर्ता खिडकीच्या गजाला वाळत घातला होता, बीदर येईस्तोवर वाळला. मग घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवला, जाऊबाईंना परत दिला नाही, आणि भालकी स्टेशन आलं तेव्हा खिडकीतून चहावाल्याला कन्नडमधे हाक मारली.

येत्या जानेवारीत हैदराबादला परत जायचं म्हणतोय, दोन दिवस काढून. सईचं म्हणणं तिथला रिकॉइल बाकी आहे. ओम सध्या 121 आहे, त्याचं तिकीट लहानाचंच काढायचंय, आणि त्याला ते आधीच सांगून ठेवलंय.